बोलावणें येईपर्यंत

विमान कंपनीच्या नोकरींत मुलगा, मुलगी किंवा सून आहे, अशीं घरें आतां कोल्हापुरांतही विरळा राहिलेलीं नाहींत. वैमानिक व हवाई सुंदरी यांचें काम सर्वांच्या डोळ्यांपुढें असतें. परंतु याच धंद्यांत एक वर्ग असा आहे कीं, त्याचें नांवही प्रवाशांच्या कानीं पडत नाहीं. त्यास 'फ्लाइट डिस्पॅचर' असें म्हणतात. या महिन्यांत वाचकांपुढें जो विषय ठेवावयाचा आहे, तो आम्हांस या वर्गाच्या निमित्तानें सुचला. तथापि मंदीच्या दिवसांत 'तूर्त कामावर येऊं नये' असें पत्र ज्या ज्या घरीं येतें, त्या प्रत्येक घराशीं त्याचा संबंध आहे.

डिस्पॅचरचें काम काय, हें आधीं पाहूं. आषाढांतील एखाद्या सकाळीं मुंबईहून कोल्हापुरास विमान निघावयाचें आहे आणि उजळाईवाडीच्या माळावर ढग खालीं उतरले आहेत, अशी कल्पना करावी. विमान कोणत्या मार्गानें व किती उंचीवरून न्यावें, कोल्हापुरीं उतरतां न आल्यास बेळगांव गांठावें, गोवा गांठावा कीं पुणें, आणि त्यासाठीं इंधन किती घ्यावें, हा सर्व हिशेब कंपनीच्या दूरच्या नियंत्रण-कक्षांत बसलेला हा मनुष्य मांडीत असतो. मार्गास लागणारें इंधन. अनपेक्षित अडचणींसाठीं त्यावर साधारणतः शेंकडा ५. पर्यायी विमानतळापर्यंत जाण्याचें निराळें. आणि जेट विमान असेल तर अखेरीस ३० मिनिटें घिरट्या घालतां येतील इतकें राखीव, अशी ती बेरीज असते. अमेरिकेंत तर उड्डाणाची जबाबदारी कायद्यानेंच कप्तान व डिस्पॅचर या दोघांवर टाकलेली आहे. आपल्याकडे या कामासाठीं नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मान्यता मिळवावी लागते. विद्या मोठ्या मेहनतीची, परंतु इतकी नेमकी कीं, विमान कंपनीबाहेर तिला गिऱ्हाईक थोडें. विमानें जमिनीवर आलीं कीं या मनुष्यास दुसऱ्या दिवशीं करण्यासारखें कांहींच उरत नाहीं.

अशा वेळीं अमेरिकन कंपन्या जी बिनपगारी रजा देतात, तिला 'फर्लो' म्हणतात. हा शब्द आपल्या घरांस परका नाहीं. इंग्रजी अमदानींतील बडे अंमलदार फर्लोवर विलायतेस जात. पलटणींतील शिपाई फर्लो घेऊन गांवीं येई. महाराष्ट्रांतील तुरुंगांच्या नियमांत तर तो आजही नांदत आहे; शिक्षा भोगणाऱ्या बंद्यास ठराविक दिवस घरीं जाण्याची मुभा मिळते, तीही फर्लोच. या तिघांत एक गोष्ट समान आहे. परत केव्हां हजर व्हावयाचें, ती तारीख प्रत्येकास ठाऊक असते. विमान कंपनीच्या नोकराची रजा मात्र बहुधा बिनतारखेची असते.

अमेरिकेंत निदान पुन्हां बोलावण्याचा क्रम असतो. संघटनांशीं झालेल्या करारांप्रमाणें नोकरीच्या ज्येष्ठतेनें माणसें परत घेतलीं जातात. २०२० च्या मार्चमध्यें तेथील सरकारनें प्रवासी विमान कंपन्यांस नोकरांच्या वेतनासाठीं सुमारें २५ अब्ज डॉलर देऊं केले व त्या बदल्यांत ३० सप्टेंबरपर्यंत कोणासही घरीं बसवूं नये अशी अट घातली. मुदत संपतांच अमेरिकन व युनायटेड या दोनच कंपन्यांनीं मिळून सुमारें ३२,००० लोकांस फर्लो दिला. आणि डिसेंबरांत पुन्हां मदत मंजूर झाल्यावर त्यांस परत बोलावणें आलें. तेथेंही हाल झाले नाहींत असें नाहीं, पण प्रत्येकास रांगेंतील आपली जागा माहीत होती.

आपल्याकडील चित्र निराळें आहे. ५ मे १९९३ पासून उडूं लागलेल्या जेट एअरवेजनें १७ एप्रिल २०१९ रोजीं आपलीं उड्डाणें थांबविलीं, तेव्हां तिनें 'तात्पुरती स्थगिति' असा शब्द वापरला. त्या एका शब्दावर हजारों घरांनीं दिवस काढले. जून २०२१ मध्यें न्यायाधिकरणानें कंपनी पुन्हां उभी करण्याची योजना मान्य केली. मे २०२२ मध्यें उड्डाणाचा परवानाही परत मिळाला. आणि ७ नोव्हेंबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें कंपनी मोडीत काढण्याचा हुकूम दिला. तात्पुरती म्हटलेली स्थगिति साडेपांच वर्षें चालली आणि तिचा शेवट असा झाला. गो फर्स्ट कंपनीनें मे २०२३ मध्यें प्रथम तीनच दिवसांचीं उड्डाणें रद्द केलीं, मग आणखी कांहीं दिवसांचीं, मग आणखी. तीं विमानें पुन्हां उडालींच नाहींत, आणि जानेवारी २०२५ मध्यें तीही मोडीत निघाली. करोनाच्या सांथींत २५ मार्च ते २५ मे २०२० या दोन महिन्यांत देशांतर्गत प्रवासी विमानें बंद होतीं. त्या जुलैंत इंडिगोनें दहांतील एका नोकरास कमी करण्याचें जाहीर केलें. आणि त्या वेळीं सरकारी असलेल्या एअर इंडियानें सहा महिन्यांपासून पांच वर्षांपर्यंत लांबूं शकणारी बिनपगारी रजा काढली. कोणास ती रजा सक्तीनें द्यावी, हें ठरविण्याचा अधिकारही वरिष्ठांस दिला होता.

कोल्हापुरास हें समजणें कठीण जाऊं नये. आपला विमानतळ राजाराम महाराजांच्या कारकीर्दींत १९३९ सालीं झाला. परंतु विमान येणार, आलें, बंद पडलें आणि पुन्हां येणार, हा क्रम या शहरानें किती वेळां अनुभवला! २०११ सालीं किंगफिशरची सेवा थांबली, ती २०१८ मध्यें उडान योजनेखालीं दुसऱ्या कंपनीचें विमान येईपर्यंत माळ ओसाडच होता. प्रवाशास तेवढ्यापुरती रेल्वे किंवा मोटार असते. ज्याची नोकरीच विमानावर अवलंबून, त्यास दुसरी गाडी कोठली?

आतां आपल्या घरांकडे वळूं. राजारामपुरींतील एखादें एकत्र कुटुंब डोळ्यांपुढें आणावें. आजोबांचें निवृत्तिवेतन आहे, थोरला मुलगा बँकेंत आहे, धाकटा मुंबईस डिस्पॅचर. पत्र येतें, आणि भाड्याची जागा सोडून धाकटा पत्नी व मुलासह कोल्हापुरास येतो. पहिला महिना सणासारखा जातो. दुसऱ्या महिन्यापासून दळण, गॅसचा सिलिंडर, आजोबांचा दवाखाना, पुतण्यांची शाळा हीं सर्व कामें आपोआप त्याच्याकडे येतात. कारण 'तो घरींच आहे.' पाहुणे विचारतात, "सध्यां मुक्काम इकडेच का?" आई उत्तर देते, "रजेवर आला आहे." ती खोटें बोलत नाहीं, कंपनीच्या पत्रांतही हाच शब्द आहे. सूनबाई आपल्या बांगड्या मोडून मुलाची फी भरतात आणि तें कोणास कळूं देत नाहींत. धाकटा मात्र रात्रीं फोन उशाशीं घेऊन निजतो, आणि सवयीनें अरबी समुद्रावरील ढगांचीं चित्रें पाहत राहतो.

या घरांत कोणीही वाईट नाहीं. घर मायेचें आहे, म्हणूनच धाकट्यास उपास पडत नाहीं. परंतु याच मायेची दुसरी बाजू आम्हांस वाचकांच्या नजरेस आणावयाची आहे. पाठीशीं घर नसतें, तर तिसऱ्या महिन्यांत त्यानें दुसरें काम धरलें असतें. घर आहे, म्हणून तो वाट पाहूं शकतो. आणि तो वाट पाहतो, म्हणून कंपनीस उद्यां काम निघाल्यास शिकलेला मनुष्य आयता मिळतो. म्हणजे कंपनीनें जो मनुष्य राखीव ठेवला, त्याच्या राखणीचा खर्च आजोबांच्या निवृत्तिवेतनांतून व सूनबाईंच्या बांगड्यांतून चालतो. हा हिशेब कोणत्याही ताळेबंदांत दिसत नाहीं. तो निदान घरच्यांस तरी दिसला पाहिजे.

कायद्याचा आधार येथें तोकडा पडतो. १९४७ च्या औद्योगिक कलह कायद्यांत १९५३ सालीं दुरुस्ती होऊन, काम नसल्यामुळें घरीं बसविलेल्या कामगारास मूळ वेतन व महागाईभत्ता यांच्या निम्मी भरपाई देण्याची तरतूद झाली. परंतु ती कारखाने, खाणी व मळे एवढ्यांपुरतीच होती. विमान कंपनी या तिहींत बसत नाहीं. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागीं नवी संहिता आली आहे. तींतही या भरपाईचें वर्तुळ तेवढेंच राहिलें आहे. ज्या काळीं काम म्हणजे यंत्र व कुदळ, त्या काळची ती मर्यादा होती. आज नोकरींतील मोठा वर्ग संगणकापुढें बसून काम करतो, त्यास घरीं बसविण्याची किंमत कोणीच देऊं नये, हें न्यायाचें नाहीं. पगार देतां येत नसेल तर निदान तारीख द्यावी, आणि परत घेण्याचा क्रम लेखी जाहीर करावा, एवढी मागणी तरी अवास्तव म्हणतां येणार नाहीं.

तोंवर घरानें काय करावें? महाराष्ट्रानें बिनतारखेच्या प्रतीक्षेचा एक मोठा धडा पाहिलेला आहे. १८ जानेवारी १९८२ रोजीं मुंबईच्या गिरण्यांतील सुमारें अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला. त्यांतील अनेकजण कोंकणांत, साताऱ्यास व आपल्या कोल्हापूर जिल्ह्यांत परतले आणि बोलावण्याची वाट पाहत राहिले. तो संप रीतसर कधीं मागें घेतलाच गेला नाहीं. गिरण्या कशाबशा सुरू झाल्या, तरी असंख्यांस पुन्हां काम मिळालें नाहीं. संप आणि मंदी यांचीं कारणें भिन्न आहेत हें उघड आहे. पण 'आज ना उद्यां' म्हणत गेलेलीं वर्षें दोन्हीकडे सारखींच.

म्हणून आमची पहिली सूचना अशी कीं, पत्र आलें त्या आठवड्यांतच घरांतील वडील मंडळी, तो मुलगा आणि त्याची पत्नी यांनीं एकत्र बसावें आणि थांबण्याची मुदत ठरवावी. सहा महिने म्हणा, नऊ म्हणा. परंतु दिनदर्शिकेवर तारीख असावी. डिस्पॅचरचा स्वतःचा नियमच तसा आहे. कोणत्याही विमानास तो 'बोलावीपर्यंत घिरट्या घाल' असें सांगत नाहीं. किती मिनिटें थांबावयाचें व मग कोणत्या विमानतळाकडे वळावयाचें, हें निघण्यापूर्वींच कागदावर असतें. जो नियम तो दररोज शेंकडों प्रवाशांसाठीं पाळीत होता, तो स्वतःच्या संसारास लावण्यांत कमीपणा कसला?

दुसरी सूचना कागदपत्रांची. रजा कोणत्या तारखेपासून, ती नोकरींत धरली जाणार कीं नाहीं, ग्रॅच्युइटीच्या वर्षांत ती मोजणार काय, भविष्यनिर्वाह निधीचें काय, हें कंपनीकडून लेखी मागावें. कंपनीच्या आरोग्य-विम्यांत म्हातारे आईवडीलही असतील, तर तो चालूं राहतो कीं नाहीं हें आधीं पाहावें. आजार रजेची वाट पाहत नाहीं. मान्यतेच्या नूतनीकरणास जें शिक्षण वा जी परीक्षा लागते, तिचा खर्च मात्र घरानें आनंदानें करावा. ती विद्या जिवंत राहिली पाहिजे.

तिसरी सूचना आमच्या वाचक भगिनींस विशेष आहे. सुनेनें गुपचूप बांगडी मोडूं नये, आणि सासूबाईंनीं तशी वेळ येऊं देऊं नये. घरखर्चाची वही सर्वांपुढें उघडावी. सून नोकरी करूं म्हणत असेल तर तिचें मूल सांभाळण्याची जबाबदारी घरानें घ्यावी. मुलानें घरचीं कामें अवश्य करावीं, परंतु दिवसांतील चार तास त्याचे स्वतःचे असावे, आणि त्या वेळीं त्यास दळणास पाठवूं नये. हवामान, नकाशे, वजनांचे हिशेब आणि रात्रपाळीची शिस्त ज्यास अवगत आहे, त्यास मालवाहतुकीच्या वा जहाजांच्या कचेरींत चौकशी करण्यास कांहींच हरकत नाहीं. काम बदललें म्हणून घराण्याची पत उतरत नाहीं.

आणि पाहुणे विचारतील तेव्हां सरळ सांगावें कीं, "कंपनीचें काम थांबलें आहे; मार्चपर्यंत वाट पाहणार, मग दुसरें पाहणार." एवढें वाक्य आईनें न अडखळतां उच्चारलें, तर शेजारच्या खोलींत बसून तें ऐकणाऱ्या मुलाच्या मनावरचें निम्में ओझें तेथेंच उतरेल.