कोयता आणि कायदा

(द्वितीय वर्ष, कला)

डिसेंबर 2024 मध्ये आपल्या महाविद्यालयात वादविवाद स्पर्धा झाली होती, ती काहींना आठवत असेल. विषय होता, ‘कडक शस्त्रकायद्यावाचून समाज सुरक्षित राहू शकत नाही.’ मी अनुकूल बाजूने बोललो. ग्रंथालयात बसून टिपणे काढली होती. 1996 साली ऑस्ट्रेलियात पोर्ट आर्थर येथे एका माणसाने बंदुकीने 35 माणसे मारली. दोन आठवड्यांच्या आत तेथील सरकारने बंदुकांचे नियम कडक करण्याचे ठरवले आणि पुढे लोकांकडून साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका विकत घेऊन नष्ट केल्या. उलट अमेरिकेत 1791 च्या घटनादुरुस्तीने दिलेला शस्त्र बाळगण्याचा हक्क लोक सोडायला तयार नाहीत आणि शाळांतून मुले मरतात. हे सगळे मी घडाघडा बोललो. प्रतिकूल बाजूचा मित्र एवढेच म्हणाला, ‘‘कायदा झाला की कायदा पाळणारा हत्यार खाली ठेवतो. गुंड ठेवत नाही.’’ टाळ्या त्याला जास्त पडल्या, पण उत्तेजनार्थ बक्षीस मला मिळाले.

त्यानंतर महिन्याभरात, संक्रांतीच्या सुट्टीत, मी तीन कोयते घेऊन एस.टी.त बसलो.

माझे आई-वडील ऊस तोडतात. दसरा-दिवाळी झाली की गावात ट्रॅक्टर येतात आणि निम्म्या घरांना कुलपे लागतात, ती पाडव्याच्या आगेमागे उघडतात. मी आजीपाशी राहून शिकलो, मग वसतिगृहात आलो. पेठेत राहणाऱ्या मित्रांसाठी इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. ऊसतोडीत ‘कोयता’ म्हणजे नुसते लोखंड नव्हे. नवरा-बायको मिळून एक कोयता होतो. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर. एकटा माणूस असला तर तो अर्धा कोयता. आणि अर्ध्या कोयत्याला फारसे कोणी विचारत नाही, म्हणून आमच्याकडे पोरांची लग्ने लवकर उरकतात. अशा दहा-पंधरा कोयत्यांची मिळून होते ती टोळी. हे दोन्ही शब्द आमच्या घरात मी बाराखडीच्या आधी शिकलो.

त्या हंगामात आईच्या कोयत्याची मूठ निसटू लागली होती आणि वडिलांच्या कोयत्याचे पाते झिजून विळ्यासारखे झाले होते. कारखान्याजवळच्या बाजारात कोयता मिळतो, नाही असे नाही. पण तो चार दिवसांत धार सोडतो, असे वडिलांचे ठाम मत आहे. आमच्या गावचा लोहार ट्रकच्या जुन्या पाट्याच्या पोलादाचा कोयता करतो. तसे दोन, आणि एक जादा, असे तीन कोयते गोणपाटात गुंडाळून मी निघालो. वाटेत एका मोठ्या शहरात गाडी बदलायची होती. रात्रीचे नऊ वाजले असतील. बसस्थानकावर दोन पोलिसांनी पिशवीला हात लावला.

‘‘काय आहे यात?’’

‘‘कोयते.’’

‘‘किती?’’

‘‘तीन.’’

‘‘कुठल्या टोळीतला रे तू?’’

मला प्रश्न सरळ वाटला. मी सरळ उत्तर दिले. ‘‘आमची टोळी बारा कोयत्यांची आहे, साहेब.’’

पुढचे अडीच तास कसे गेले ते लिहीत नाही. एक थप्पड बसली, एवढे नोंदवतो. महाविद्यालयाचे ओळखपत्र दाखवले तर त्याने प्रकरण बिघडलेच. ‘‘कॉलेजात जातोस आणि कोयते घेऊन फिरतोस?’’ शेवटी एक वयस्क हवालदार आले. त्यांनी माझे हात पाहिले, मग विचारले, ‘‘मोळी कशानं बांधता रे?’’ मी म्हणालो, ‘‘वाढ्यानं.’’ ते हसले आणि मला सोडा म्हणाले. आयुष्यात मी अनेक परीक्षा दिल्या, पण एका शब्दात उत्तीर्ण झालो ती एवढीच. कोयते मात्र तिथेच राहिले. कागद मिळाला नाही. मागायचे धाडसही झाले नाही.

मी रिकाम्या हाताने कोपीवर पोचलो. वडिलांनी मुकादमाकडून पैसे घेऊन बाजारातले दोन कोयते आणले. ते पैसे उचलीत चढले. वडील काही बोलले नाहीत. आई म्हणाली, ‘‘बरं झालं माय, कोयतेच ठेवून घेतले. तुला नाही ठेवून घेतलं.’’

तेव्हा मी फार संतापलो होतो. परतीच्या प्रवासात मनातल्या मनात एक लेख लिहिला, तो निराळाच होता. वार्षिक अंक वर्षातून एकदाच निघतो, हे एका परीने बरे आहे. कारण पुढे विचार करता मला त्या पोलिसांची बाजूही दिसू लागली. 2022 च्या अखेरीपासून पुण्यात ‘कोयता गँग’ हा शब्द रोज वर्तमानपत्रात येऊ लागला. पोरेटोरे, त्यांत कित्येक अल्पवयीन, हातात कोयते घेऊन गाड्यांच्या काचा फोडत, दुकानदारांना धमकावत, रस्त्याने आरडाओरडा करत फिरत. जून 2023 मध्ये सदाशिव पेठेत भरदिवसा एका तरुणाने एका मुलीवर कोयता उगारला. ती वाचली, ती शिकायला पुण्यात आलेल्या मुलांनी मोकळ्या हातांनी मध्ये उडी घेतली म्हणून. अशा काळात रात्री नऊला एकोणिशीच्या आतला एक पोरगा पिशवीत तीन कोयते घेऊन उभा असेल, तर पोलिसाने काय समजावे? पिशवी पाहिली, यात त्याचे चुकले नाही. थप्पड मारली आणि कागद दिला नाही, यात चुकले.

मग मी ग्रंथालयात जाऊन 1959 चा शस्त्र अधिनियम काढला. स्पर्धेच्या वेळी मी ऑस्ट्रेलियापर्यंत पोचलो होतो, पण आपल्या देशाचा कायदा उघडून पाहिला नव्हता! त्यात शस्त्राची व्याख्या आहे. हल्ला किंवा बचाव यांसाठी बनवलेली, बंदुकीपासून तीक्ष्ण धारेच्या प्राणघातक हत्यारांपर्यंतची, प्रत्येक वस्तू शस्त्रात मोडते. परंतु केवळ घरगुती किंवा शेतीच्या उपयोगासाठी बनवलेल्या वस्तू, उदाहरणार्थ लाठी किंवा साधी हातकाठी, त्यातून वगळल्या आहेत. 2016 च्या नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारे येतात, पण तिथेही घरकामाची, शेतीची, शास्त्रीय व औद्योगिक कामाची अवजारे बाजूला काढली आहेत. म्हणजे माझ्या वडिलांचा कोयता कायद्याने आधीच मोकळा केलेला आहे. तोच कोयता काचा फोडायला निघाला की वर्तमानपत्रात ‘हत्यार कायदा कलम 4 (25)’ असे छापून येते, आणि तेही योग्यच आहे. लोखंड एकच, ते कोणत्या वेळी, कोणत्या जागी, कशासाठी हातात आहे एवढाच फरक. तो फरक पाहणे कष्टाचे असते. त्या वयस्क हवालदारांनी ते कष्ट घेतले.

या कायद्याचा इतिहासही वाचण्यासारखा आहे. लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत 1878 साली इंग्रजांनी शस्त्रकायदा केला तेव्हा हिंदी माणसाला परवान्याची सक्ती होती आणि युरोपियनांना सूट होती. म्हणून तो आपल्या पुढाऱ्यांना डाचत होता. गांधीजींसारख्या अहिंसावाद्यानेसुद्धा त्याचा कडक शब्दांत निषेध केला. 1931 च्या कराची काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क घातला होता. पण राज्यघटना लिहिण्याची वेळ आली तेव्हा, डिसेंबर 1948 मध्ये, ह. वि. कामत यांनी हा हक्क घटनेत घालण्याची दुरुस्ती मांडली आणि ती स्वीकारली गेली नाही. बाबासाहेब आंबेडकरांनीही तिला मान्यता दिली नाही. आपल्या घटनेच्या एकोणिसाव्या अनुच्छेदात हक्क आहे तो शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा. मला ही निवड फार मोलाची वाटते. ज्या गावात जमीन, पाणी, सोसायटी आणि मतदारयादी आधीच चार घरांच्या हातात असते, त्या गावात शस्त्राचा हक्क सर्वांना दिला तर बंदूक कोणाच्या घरात जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको.

आणि आता आपल्या जिल्ह्याबद्दल. आमच्या स्पर्धेच्याच महिन्यात, 9 डिसेंबर 2024 रोजी, केज तालुक्यातील मस्साजोगच्या सरपंचांचे अपहरण करून त्यांना अमानुषपणे मारण्यात आले. त्यानंतर बीड जिल्ह्यातल्या पिस्तुलांची चर्चा राज्यभर सुरू झाली. हवेत गोळ्या झाडतानाच्या, कमरेला पिस्तूल लावून मिरवतानाच्या चित्रफिती बाहेर आल्या. परवान्यांची फेरतपासणी झाली आणि शेकड्यांनी परवाने रद्द झाले. मी बसस्थानकावर उभा होतो तेव्हा तिथल्या वर्तमानपत्रांत याच बातम्या होत्या. माझ्या जिल्ह्यातली पिस्तुले कायदेशीर कागदानिशी फिरत होती, आणि आईचा कोयता कागद नाही म्हणून अडकला होता.

इथे कोणी म्हणेल, सरपंचांना गोळी घातलेली नव्हती. मारहाण पाइप, गज अशा वस्तूंनी झाली. मग पिस्तुलाच्या परवान्याचा संबंध काय? शिवाय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल पाहिले तर दरवर्षी जप्त होणाऱ्या बंदुका-पिस्तुलांत विनापरवान्याचीच फार असतात. स्पर्धेतल्या माझ्या मित्राचे म्हणणे हेच होते. तेव्हा मी त्याला ऑस्ट्रेलिया सांगितला. आज गावचे उत्तर देतो. पिस्तुलाला काम करण्यासाठी गोळी सुटावी लागत नाही. ग्रामसभेत एखादा माणूस सदरा किंचित वर करून खुर्चीत बसला की तेवढ्याने भागते. मग रोजगार हमीच्या हजेरीपटाबद्दल कोणी विचारत नाही, उचलीचा हिशेब कोणी मागत नाही, आणि पोलीस ठाण्याची पायरी चढायची वेळ आली तर घरचेच म्हणतात, जाऊ दे. ‘जिवाला धोका’ म्हणून परवाना घेतला जातो, आणि तो मिळाल्यावर धोका कोणाच्या जिवाला असतो ते सगळा गाव जाणतो. खंडेनवमीला आम्ही कोयत्याला हळदीकुंकू लावतो, त्याच्या शेजारी माझी पुस्तके ठेवतो. काही घरांतून त्याच दिवशी पिस्तुलाची पूजा होते आणि तिचे छायाचित्र सगळ्यांच्या मोबाइलवर येते. कोयत्याला वर्षभर काम असते. पिस्तुलाला भीती घालण्याखेरीज दुसरे कोणते काम आहे?

म्हणून शस्त्रकायदा कडक हवा, हे माझे मत बदललेले नाही; त्याचे टोक कुठे असावे याबद्दलचे मत मात्र बदलले आहे. 2019 च्या दुरुस्तीने एका माणसाला तीनऐवजी दोनच बंदुका ठेवता येतात आणि आनंदाच्या भरात हवेत गोळीबार करणे हाही स्वतंत्र गुन्हा ठरला. हे चांगलेच झाले. पण परवाना देताना पोलिसांचा अहवाल जसा घेतात, तसे त्या गावच्या शेवटच्या घरातल्या माणसाला कोणी विचारत नाही. कोणत्या गावात कोणाला, कोणत्या कारणासाठी परवाना आहे याची यादी तहसील कचेरीच्या फळ्यावर का लागू नये? शिधापत्रिकेच्या याद्या लागतात, कर्जमाफीच्या लागतात. त्यात आमच्यासारख्यांची नावे असतात म्हणून लागतात काय?

कोयत्यावर नजर ठेवायला तर सुरुवात झालेलीच आहे. 2023 च्या सुरुवातीला पुण्यात पोलिसांनी दुकानदारांना सांगितले, कोयता घेणाऱ्याचे आधार कार्ड पाहा, नोंद ठेवा. उद्या ही वही सगळीकडे आली तरी माझी तक्रार नाही. माझे वडील अंगठा देतील. पण तो कोयता ज्यांच्या हातात पाच-सहा महिने असतो त्यांची वही कुठे आहे? पिढ्यान् पिढ्या ही माणसे जिल्ह्याबाहेर जातात, तेव्हा कोण गेले, किती गेले, कुठे गेले हे मुकादमाच्या डायरीखेरीज कुठे लिहिलेले नसे. 2021 मध्ये शासनाने ग्रामसेवकांमार्फत ऊसतोड कामगारांची नोंदणी करून त्यांना ओळखपत्र देण्याचे ठरवले. ते ओळखपत्र त्या रात्री माझ्या पिशवीत वडिलांच्या नावाने असते, तर ‘कुठल्या टोळीतला’ या प्रश्नाचे उत्तर छापील मिळाले असते. सरकारला एका कोयत्याची नोंद करावीशी वाटते ती तो दुकानातून बाहेर पडला म्हणून. दुसऱ्या कोयत्यात दोन माणसे असतात, त्याची नोंद अजून अर्धवटच आहे.

उन्हाळ्यात आई-वडील परत आले तेव्हा दोघांचे अर्ज मी स्वतः भरले. व्यवसायाच्या रकान्यात आईच्या नावापुढे ‘घरकाम’ लिहा, असे कचेरीतले एक जण म्हणाले. मी ‘ऊसतोड’ लिहिले. वडिलांचे ओळखपत्र आले आहे. आईचे आलेले नाही.

यंदा वडिलांनी पाच कोयते करून घेतले आणि दिवाळीनंतर ट्रॅक्टरमधूनच नेले. परवा आईचा फोन आला होता. एका कोयत्याची मूठ ढिली झाली आहे म्हणाली, आणि लगेच म्हणाली, ‘‘तू काही आणू नको बाबा. कापड गुंडाळलंय, चाललंय.’’