गणिताची परिभाषा आणि कर्जाचा हिशेब

यवतमाळ जिल्ह्यातील शेतकऱ्याच्या कर्जाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु ज्या शब्दांत त्या कर्जाचा हिशेब मांडला जातो, त्यांचा विचार क्वचितच होतो. शाळेच्या पुस्तकात 'द. सा. द. शे.' ही अक्षरे असतात. विद्यार्थी ती मंत्रासारखी घोकतो. 'दर साल दर शेकडा', म्हणजे शंभर रुपयांस वर्षाला किती, हा साधा अर्थ त्याच्या ध्यानी येतोच असे नाही. इकडे सावकार 'शेकडा दोन' म्हणतो, ते महिन्याचे असते. दहा हजारांवर महिन्यास २०० व वर्षास २,४०० रुपये, अर्थात दसादशे २४! वर्गातला शब्द आणि ओसरीवरचा शब्द एकच आहे, हे ज्या मुलास कळले, तो बापास वेळीच सावध करील.

२०१९ साली 'बालभारती'च्या दुसरीच्या पुस्तकात 'त्रेसष्ट'बरोबर 'साठ तीन' असेही वाचन आले, तेव्हा केवढा गहजब झाला! गणित समितीच्या अध्यक्षा कै. मंगला नारळीकर यांचे म्हणणे एवढेच होते की, जोडाक्षरांचे व उलट क्रमाचे ओझे बालकावरून उतरावे. 'त्रेसष्ट' ऐकताना तीन आधी येतात. म्हणून मूल ३६ लिहिते. जुने शब्द टाकावेत असे आम्ही म्हणत नाही. परंतु पायरी दिल्याने घर बुडत नाही.

भाषा बुडेल, ही भीतीही व्यर्थ होय. 'बेरीज' फारसीतून आली, 'वजा' व 'बाकी' अरबीतून, 'गुणाकार' संस्कृतातून. मराठीने सर्वांस आपलेसे केले. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात अज्ञात राशींस काळक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे दिली. आजचा विद्यार्थी मात्र 'चल' म्हणजे काय हे न समजताच समीकरण सोडवू लागतो.

आणि ज्यांच्या घरी मराठीच नाही, त्यांचे काय? या जिल्ह्यातील कोलामांची कोलामी व गोंडांची गोंडी या द्राविडी कुळातील भाषा होत. त्या बालकांस 'एकोणसत्तर' हे दुहेरी कोडे आहे.

आमची मागणी माफक आहे. प्रत्येक संज्ञेचा अर्थ आधी, रीत मागाहून. कोलाम पोडावर व गोंडांच्या वस्तीत पहिले अंक मातृभाषेत. आणि व्याजाचे उदाहरण गावच्या व्यवहारातले. ज्यास हिशेबाचे शब्द कळत नाहीत, त्याचा हिशेब दुसराच कोणी करतो.