शॉर्टकट बिघडला नव्हता

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. मागच्या सहामाहीला पाचवीची उर्दूची प्रश्नपत्रिका मोबाइलवर टाइप केली, शाळेच्या संगणकावर वर्डमध्ये चिकटवली, मजकूर उजव्या समासाला लावला आणि घाईत छापून घेतली. परीक्षेत मुलं विचारू लागली, "सर, रिकामी जागा कुठली?" वाक्याच्या शेवटची रिकामी रेघ सुरुवातीला जाऊन बसली होती आणि प्रश्नाचा क्रमांक शेवटी. चूक माझी, गोंधळ मुलांचा.

मजकूर उजवीकडे लावणं वेगळं आणि त्याची दिशा उजवीकडून डावीकडे करणं वेगळं. दिशेसाठी कंट्रोल आणि उजवी शिफ्ट एकत्र दाबायची. डावी शिफ्ट दाबली की दिशा पुन्हा मराठीसारखी होते. मी दाबून पाहिलं, काहीच हललं नाही. स्टाफरूममध्ये लगेच निकाल लागला: "या संगणकावर उर्दू चालत नाही."

मग एकेक शंका तपासली. उजवी शिफ्ट धरून इंग्रजी अक्षर दाबलं, मोठ्या लिपीत उमटलं; म्हणजे कळ शाबूत. नोटपॅडमध्ये तोच शॉर्टकट दाबला, तिथेही शांतता. म्हणजे दोष एकट्या वर्डचा नाही. शेवटी विंडोजच्या सेटिंगमधली भाषांची यादी उघडली. इंग्रजी होती, मराठी होती, उर्दू नव्हती. उजवीकडून लिहिली जाणारी एकही भाषा यादीत नसेल, तर हा शॉर्टकट जागाच होत नाही. उर्दू जोडली, वर्ड बंद करून उघडलं. शॉर्टकट चालला आणि परिच्छेदाच्या बटणांमध्ये दिशेची दोन नवी बटणंही दिसली. पैसा लागला नाही, तंत्रज्ञ लागला नाही.

एवढं करूनही कुणाचं अडलं, तर भाषा किंवा कीबोर्ड बदलण्यासाठीही कंट्रोल-शिफ्टच नेमलंय का, ते पाहावं. एकाच जोडीला दोन कामं दिली की टक्कर होते.

माझं म्हणणं शॉर्टकटपुरतं नाही. "उर्दू चालत नाही" हे वाक्य आपण फार लवकर मान्य करतो. मग प्रश्नपत्रिका हाताने लिहितो किंवा फोटो काढून चिकटवतो. फोटोतला मजकूर पुढच्या वर्षी दुरुस्त करता येत नाही, त्यातला शब्द सहज शोधता येत नाही. मुलांनाही दिसतं की मराठी, इंग्रजी संगणकावर आणि उर्दू मात्र वहीतच. यात प्रत्येक वेळी कुणाचा द्वेष असतो असं नाही. बरेचदा यादीत नाव घालायचं राहिलेलं असतं आणि ते घालायला सांगायचं आपणही राहिलेलो असतो.

म्हणून उर्दू शिकवणाऱ्या मित्रांना विनंती: उद्या शाळेत गेलात की आधी ती यादी उघडा. दहा मिनिटांचं काम आहे. तक्रार त्यानंतर करू.