रकाना कोणी आखला?

परभणीहून जिंतूरकडे निघालं की वाटेत झरी लागतं. कापूस, सोयाबीन, तुरीचा हा मुलूख. झरीत किंवा आसपासच्या कुठल्याही गावात अंगणवाडीत डोकावलं, तर सेविकाताईंच्या हाताला फोन चिकटलेला दिसेल. मुलाचं वजन, उंची, हजेरी, गरोदर बाईची नोंद, गृहभेट, सगळं फोनमध्ये भरायचं. मूल रडत असलं तरी आधी माहिती चढली की नाही ते पाहायचं.

मोबाइलचे अ‍ॅप बनवण्याचा धंदा म्हटला की आपल्याला हिंजवडीच्या काचेच्या इमारती आठवतात. तिथला गलेलठ्ठ पगार, कंपनीची बस. पण त्या धंद्याचं दुसरं टोक झरीसारख्या गावात आहे, आणि ते टोक बाईच्या हातात आहे. या अंकात त्याविषयी बोलायला हवं.

१ मार्च २०२१ रोजी केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने ‘पोषण ट्रॅकर’ हे अ‍ॅप सुरू केलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये महाराष्ट्रभरच्या अंगणवाडी सेविकांनी सरकारने दिलेले फोन परत केले. ‘बायकांना नवं शिकायला नको,’ असा शेरा तेव्हा अनेकांनी मारला. सेविकांचं म्हणणं काय होतं? फोनची क्षमता कमी, तो तापतो, मध्येच बंद पडतो. दुरुस्तीचा खर्च आमच्या माथी येतो. अ‍ॅपमध्ये माहिती इंग्रजीत भरावी लागते, आणि आमचं सगळं काम मराठीत चालतं.

हे म्हणणं नीट ऐका. अ‍ॅप बनवणाऱ्या कंपन्यांमध्ये ‘टेस्टिंग’ नावाचं एक काम असतं. बनवलेलं अ‍ॅप वापरून पाहायचं, ते कुठे अडतं, कुठे चुकतं हे शोधायचं आणि लिहून द्यायचं. त्यासाठी माणसं नेमतात आणि त्यांना पगार देतात. सेविकांनी नेमकं हेच काम केलं, तेही भर उन्हात, रेंज नसलेल्या गावात, खऱ्या मुलांची वजनं घेता घेता. हिंजवडीत ज्याला कौशल्य म्हणतात, त्याला गावात कटकट म्हटलं गेलं. घरकामाच्या बाबतीत आपण हेच सांगत आलो आहोत. काम तेच, पण बाईने केलं की ते कामच नव्हे. सेविका तर सरकारदरबारी आजही ‘मानधना’वर आहेत. ४ डिसेंबर २०२३ पासून दीड महिन्याहून अधिक काळ त्यांना संप करावा लागला तो याच कारणाने. कर्मचारी म्हणून मोजायचं नाही, पण यंत्रात मात्र रोजची मोजणी त्यांनीच भरायची.

त्यानंतर हे यंत्र आणखी पुढे गेलं. १ जुलै २०२५ पासून घरपोच आहार देताना बाईचा चेहरा फोनवर जुळवणं सक्तीचं झालं. चेहरा जुळला नाही, नेटवर्क गेलं, ओटीपी येणारा फोन नवऱ्याच्या खिशात शेतावर गेला, तर दारात उभ्या गरोदर बाईला काय सांगायचं? ते सांगायची वेळ सेविकेवर येते. नियम करणारा आणि अ‍ॅप लिहिणारा तिथे नसतो.

‘लाडकी बहीण’ योजनेचंही तेच. २०२४ च्या जुलैत अर्ज भरायला ‘नारी शक्ती दूत’ हे अ‍ॅप आलं. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हा बाईच्या आधार क्रमांकाबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचाही आधार क्रमांक आणि त्यावर येणारा ओटीपी मागितला गेला. ओरड झाल्यावर मुदत वाढली. ज्यांचे पती-वडील हयात नाहीत किंवा घटस्फोट झाला आहे, त्यांना दाखले देण्याची वाट निघाली. पण नवऱ्याने टाकलेल्या बाईने कुठला दाखला आणायचा? मृत्यूचा दाखला नाही, घटस्फोटाचा कागद नाही. पंधराशे रुपयांसाठी तिने त्याच माणसाच्या दारात ओटीपी मागायला जायचं?

मैत्रिणींनो, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. परित्यक्तांच्या परिषदांमधून स्वतंत्र रेशनकार्डाची मागणी आपण केली, ती एका रकान्याविरुद्धचीच लढाई होती. कुटुंबप्रमुखाच्या रकान्यात पुरुषाचंच नाव का, हा तेव्हाचा सवाल. सातबारावर बाईचं नाव लागावं म्हणून धडपड झाली. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव वडिलांच्या नावाआधी लिहिणं राज्याने बंधनकारक केलं. म्हणजे रकाने बदलतात. फरक इतकाच की कागदावरच्या रकान्यात ‘लागू नाही’ असं लिहून पुढे जाता येत होतं. फोनवरचा रकाना रिकामा सोडला तर तो पुढे जाऊच देत नाही.

मग रकाना आखणाऱ्यांच्या रांगेत आपल्या मुली किती? १९७४ मध्ये पुण्याच्या टेल्को कारखान्याच्या जाहिरातीत ‘स्त्रियांनी अर्ज करू नये’ असं छापलं होतं. सुधा कुलकर्णी, पुढे सुधा मूर्ती, यांनी जे.आर.डी. टाटांना पोस्टकार्ड लिहून जाब विचारला आणि ती नोकरी मिळवली. आज संगणक उद्योगात सुमारे एक तृतीयांश स्त्रिया आहेत. पण वरच्या खुर्च्यांकडे जावं तसा आकडा घसरतो. आणि झरीपासून हिंजवडीचा रस्ता परभणीतच अडतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत परभणी जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी ४८ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. त्याच पाहणीनुसार देशात इंटरनेट कधीतरी वापरलेले पुरुष ५७ टक्के, स्त्रिया ३३ टक्के. भावाच्या हातात फोन असतो, बहिणीच्या हातात तो दिसला की घरात चौकशी सुरू होते.

तरीही वाट आहे. धारावीतल्या शाळकरी मुलींनी ‘धारावी डायरी’ या उपक्रमात फोनचे अ‍ॅप बनवले. त्यांनी वापरलेल्या साधनात ठोकळे जोडावेत तशा सूचना जोडता येतात. मुलींनी काय बनवलं? छेडछाडीच्या वेळी मदत मागण्याचं अ‍ॅप. पाण्यासाठी आपला नंबर कधी लागेल हे कळवणारं अ‍ॅप. नळावरच्या रांगेत जिचे तास जातात, तिलाच हे सुचणार.

पण आपण भाबडेपणाही नको करायला. मुलगी संगणकापुढे बसली म्हणजे मुक्त झाली, असं नाही. प्रकल्पाची तारीख आली की रात्रीचे अकरा वाजतात, कंत्राटी नोकरीत बाळंतपणाच्या रजेची धास्ती असते, आणि ‘नवऱ्याचा ओटीपी हवाच का?’ असं विचारायची मुभा तिला क्वचितच असते. ती आणि झरीची सेविका एकाच हुकमाच्या दोन टोकांना आहेत. त्या दोघींची गाठ घालून देणं हे आपल्या संघटनांचं काम आहे.

म्हणून आपल्या गटांनी पुढच्या तीन महिन्यांत या मागण्या धरून ठेवाव्यात. कुठलंही अ‍ॅप सक्तीचं करण्याआधी ते वापरणाऱ्या बायांकडून तपासून घ्यावं आणि त्या कामाचा मोबदला द्यावा. ते मराठीत असावं. फोन, दुरुस्ती आणि रिचार्जचा खर्च सरकारचा असावा. चेहरा जुळला नाही म्हणून कोणाचाही आहार थांबू नये, वहीतली नोंद आणि सही चालावी. एकट्या बाईची ओळख तिच्याच नावावर आणि तिच्याच नंबरवर व्हावी. आणि गावातल्या शाळेत संगणक असेल, तर त्या खोलीची किल्ली मुलींनाही मिळावी.

प्रत्येक गटाने एवढं तरी करावं. आपल्या गावच्या सेविकाताईंशेजारी एक दिवस बसावं, फोन कुठे अडतो, कोणता रकाना कोणत्या बाईला अडवतो ते वहीत लिहावं, आणि ती वही आमच्याकडे पाठवावी. तुमच्या नोंदी एकत्र करून आपण मंत्रालयात जाऊ.

– संपादक मंडळ