सुईण की रुग्णालय?

२००५ साली जननी सुरक्षा योजना आली आणि बाळंतपणे घरातून रुग्णालयात नेण्याच्या प्रयत्नांस वेग आला. रक्तस्राव अनावर झाल्यास अनुभवी सुईणीचाही इलाज चालत नाही. तेव्हा हे धोरण योग्यच होय. परंतु २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शस्त्रक्रियेने झालेल्या प्रसूतींचे प्रमाण सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के, तर खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के आढळले. ही तफावत केवळ वैद्यकीय कारणांनी उलगडत नाही. नैसर्गिक प्रसूतीस वेळ द्यावा लागतो आणि शस्त्रक्रियेस मोबदला अधिक मिळतो, हे अर्थकारणही त्यामागे आहे. सुईणकामात प्रशिक्षित परिचारिका तयार करण्याचे धोरण केंद्र सरकारने २०१८ मध्ये जाहीर केले. अशी परिचारिका उशाशी आणि शस्त्रक्रियागृह हाकेच्या अंतरावर, ही सोय सामान्य स्त्रीला मिळेपर्यंत निवडस्वातंत्र्याची भाषा पोकळच ठरेल.