बोटांना घाई कळत नाही

साक्रीत बारावी झालेल्या मुलीला टायपिंगच्या क्लासला घालायचं ठरलं की घरातून पहिला प्रश्न येतो, "सहा महिना कसाले?" जीसीसी-टीबीसी, म्हणजे पुण्याच्या महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेची संगणक टायपिंगची परीक्षा. तिचा अभ्यासक्रम सहा महिन्यांचा. जलद सरावाचा पुरस्कार करणारे म्हणतात, रोज एक तास सहा महिने बसा नाहीतर रोज चार तास दीड महिना, तास तेवढेच भरतात.

तास भरतात, हात बसत नाही. १९७८ साली बॅडली आणि लाँगमन यांनी ब्रिटनच्या टपाल कर्मचाऱ्यांना कीबोर्ड शिकवताना हेच तपासलं. कुणी रोज एक तास बसलं, कुणी दोन-दोन तास दिवसातून दोनदा. रोज एकच तास बसणाऱ्यांना तेवढाच हात बसायला एकूण तास कमी लागले. आपल्या वेळापत्रकावर सर्वांत नाराज मात्र तेच होते, कारण दिवस जास्त गेले! आपल्याकडच्या पालकांची चिडचिड त्याच जातीची.

इंग्रजी चाळीसचा स्पीड म्हणजे, पाच ठोक्यांचा एक शब्द धरला तर, मिनिटाला २०० ठोके. सेकंदाला तीनहून जास्त. तिथे अक्षर कुठे आहे हे आठवायला सवड नसते, बोटालाच ते ठाऊक असावं लागतं.

"प्रमाणपत्र हाती पडलं की झालं," हा दुसरा युक्तिवाद. तोही आता टिकत नाही. लिपिक-टंकलेखक पदासाठी मराठी तीस किंवा इंग्रजी चाळीसचं प्रमाणपत्र लागतंच. पण एमपीएससी त्यावर टंकलेखनाची स्वतःची कौशल्य चाचणीही घेते. ती प्रमाणपत्रानंतर किती महिन्यांनी येईल याचा भरवसा नाही. घाईने आलेला स्पीड तोवर उतरलेला असतो.

तिसरा आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. पिंपळनेर-दहिवेलकडून एसटीने येणाऱ्या मुलीचा शिकण्यापेक्षा जास्त वेळ रस्त्यात जातो. उन्हाळी कांदा काढणीला आला की घरचे तिला क्लासला सोडत नाहीत. सहा महिन्यांची फी भरून पाच महिने गैरहजर राहायचं आणि परीक्षेच्या तोंडावर धावपळ करायची, त्यापेक्षा सरळ जलद बॅच बरी.

म्हणून माझा आग्रह सहा महिन्यांच्या पाटीसाठी नाही, विभागलेल्या सरावासाठी आहे. रोज येणं जमत नसेल तर आठवड्यातून तीन दिवस यावं, एकेका तासाच्या दोन बैठका कराव्यात आणि मध्ये चांगली विश्रांती घ्यावी. चार-चार तासांची बॅच, ज्याचा हात आधीच बसलाय पण थोडक्यात नापास झालाय, त्याला खुशाल द्यावी. परीक्षेतल्या वस्तुनिष्ठ प्रश्नांची तयारीही शेवटच्या पंधरवड्यात उरकते.

फी भरण्याआधी क्लासवाल्यांना विचारून घ्यावं: काढणीच्या दिवसांत बॅचची वेळ बदलून मिळेल का, आणि बुडालेले तास पुढे भरून देणार का.