समजून घेऊ या : ‘तंबाखू खाता का?’ हा प्रश्न अवघड का आहे?

‘तुम्ही धूम्रपान करता का?’ एवढाच प्रश्न घेऊन कोणी महाराष्ट्रभर फिरले, तर खूश होऊन परत येईल. जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणाच्या, म्हणजे ‘गॅट्स’च्या २०१६-१७ मधील दुसऱ्या फेरीत राज्यातील १५ वर्षे व त्यावरील लोकांपैकी अवघे ३.८ टक्के विडी-सिगारेट ओढणारे निघाले. देशाचे प्रमाण १०.७ टक्के होते.

मात्र त्याच सर्वेक्षणात खाण्याच्या, चघळण्याच्या, दातांना लावण्याच्या तंबाखूबद्दलही विचारले होते. तिथे राज्याचा आकडा २४.४ टक्के निघाला. म्हणजे जवळपास चारांतला एक. धुराचा प्रश्न विचारून थांबलो असतो, तर महाराष्ट्राने तंबाखूवर मात केली, असा मथळा आम्हीच छापला असता.

सर्वेक्षण होते कसे?

केंद्रीय आरोग्य मंत्रालयासाठी ही फेरी मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केली. देशभरात ७४,०३७ जणांशी त्यांच्या घरी जाऊन बोलणे झाले. निवडलेल्या घरातून एकाच व्यक्तीची मुलाखत होते आणि ती व्यक्ती कोण, हे चिठ्ठी काढावी तसे ठरते. दार उघडेल त्याला विचारत गेले, तर दुपारी घरी असणाऱ्यांचेच मत गोळा होईल.

खरी अडचण त्यानंतर सुरू होते. मिश्री लावणाऱ्या बाईला ‘तंबाखू खाता का?’ असे विचारा. ती ‘नाही बाई’ म्हणेल, आणि ती खोटे बोलत नसेल. तंबाखू म्हणजे पुरुष तळहातावर चुना घालून मळतात ती. मिश्री ही तिच्या लेखी दात घासायची वस्तू. ती भाजलेल्या तंबाखूचीच पूड असते, हे तिला ठाऊक असते; पण प्रश्नातला ‘खाता’ हा शब्द तिला लागू होत नाही. म्हणून प्रश्नावलीत खैनी, गुटखा, मावा, मिश्री, तंबाखूचे पान अशी एकेक नावे घेऊन विचारावे लागते. शिवाय सासूबाई शेजारी बसल्या असतील, तर मिळणारे उत्तर सासूबाईंसाठी असते.

देशातील १४.२ टक्के महिला तंबाखू वापरतात, असे ‘गॅट्स’मध्ये दिसले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात हाच आकडा ८.९ टक्के आहे. दोन्हींची वजाबाकी करून ‘पाच टक्के महिलांनी तंबाखू सोडली’ असे म्हणणे घाईचे ठरेल, कारण दोन्ही सर्वेक्षणांची विचारण्याची पद्धत वेगळी आहे.

लोकांना धोका कळत नाही का?

कळतो. धूरविरहित तंबाखूने गंभीर आजार होतात, असे ९५.६ टक्के प्रौढांनी सांगितले होते. त्यामुळे ‘तंबाखू घातक आहे, हे तुम्हाला माहीत आहे का?’ या प्रश्नातून आता नवीन काही हाती लागत नाही. तरीही जनजागृतीच्या बहुतेक पाहण्या तिथेच घुटमळतात. उत्तर चांगले येते, अहवाल चांगला दिसतो.

सोडायची इच्छा आहे का, ही विचारणा जास्त बोलकी आहे. खाणाऱ्यांपैकी ४९.६ टक्के लोकांच्या मनात सोडण्याचा विचार होता. वेष्टनावरचे इशारे पाहून तो विचार आला, असे सिगारेट ओढणाऱ्यांपैकी ६१.९ टक्क्यांनी सांगितले. तंबाखू खाणाऱ्यांत मात्र ४६.२ टक्क्यांनी. एप्रिल २०१६ पासून वेष्टनाचा ८५ टक्के भाग इशाऱ्याने व्यापलेला असतो. पण पानटपरीवर घोटून मिळणारा मावा प्लास्टिकच्या कोऱ्या तुकड्यात येतो. त्यावर चित्र कुठून येणार? या फरकामागे तेच एक कारण आहे असे नाही, पण ते नजरेआड करण्यासारखेही नाही.

मग विचारायचे काय?

महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. सप्टेंबर २०२० मध्ये सुट्या विडी-सिगारेटच्या विक्रीवरही बंदी आली. ‘बंदी हवी का?’ असे विचारले, तर खाणाराही ‘हवी’ म्हणेल. त्यावरून बंदीला लोकांचा पाठिंबा दिसेल, तिची अंमलबजावणी दिसणार नाही. ‘शेवटची पुडी कुठे घेतली, केवढ्याला पडली?’ या प्रश्नाने ती दिसते. ‘गॅट्स’मध्ये शेवटच्या खरेदीची अशी विचारणा असते.

महाविद्यालये, सामाजिक संस्था आता मोबाइलवर फॉर्म पाठवून अशा पाहण्या करतात. तो फॉर्म कोण भरतो, हे वाचकांना वेगळे सांगायला नको. ऊसतोडीच्या फडावरची बाई किंवा बांधकामावरचा मजूर त्यात क्वचितच येतो. त्यांच्यापर्यंत जायचे, तर माणूसच पाठवावा लागेल. त्याने ‘व्यसन आहे का?’ असे विचारू नये. ‘काल सकाळपासून तोंडात काय काय ठेवले?’ असे विचारावे आणि उत्तर येईपर्यंत जवळ बसावे.